चिकटवलंय, जोडलेलं नाही

९ जानेवारी १९९६, मंगळवार

आज तीन फोन हुकले. दोन कुणाचे होते ते कळलंच नाही. तिसरा वाजत होता तेव्हा मी केबिनची काच पुसत होते, पाठ फोनकडं. मिरजेच्या गाडीचा कंडक्टर खिडकीतून हातवारे करायला लागला, आवं बाई, फोन, फोन! पळत आले तोवर बंद. त्याला हसून दाखवलं, जसं काय मीच उचलला नाही.

एसटीडी बूथ सुरू होऊन चार महिने झाले. कवठे महांकाळच्या स्टँडसमोर, भाड्याच्या खोक्यात. अपंगांच्या कोट्यातून मिळाला हे कागदावर आहे, गावाला सांगितलेलं नाही. दादा म्हणाला होता, "कशाला बोभाटा? तू हसून मान हलवत जा. भागतं."

चार महिने मान हलवतेय. मान दुखायला लागली.

उजवा कान पूर्ण गेला. डावा (डा.का.) थोडा शिल्लक. टीबीची नव्वद इंजेक्शनं झाली, छाती वाचली, कान गेले. बालवाडीची नोकरी त्यातच गेली. नवरा त्याच्याआधीच गेला, म्हणजे मला माहेरी आणून सोडलं आणि गेला.

गिऱ्हाईक नसलं की फोनवर हात ठेवून बसते. वाजला की तळव्याला कळतं.

१२ जाने., शुक्र.

दस्तगीरमामा फलटणच्या लेकीला फोन लावायला आले. मागल्या बोळात त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. फौजेत सिग्नलला होते. बोलणं झालं, बाहेर आले, माझ्या हाताकडं बघत उभे.

"काय गं शालन, ताप बघतीस व्हय फोनचा?"

हसून मान हलवणार होते. काय झालं कुणास ठाऊक, सांगून टाकलं. सगळं. कान, इंजेक्शनं, कागद, दादा.

मामा स्टुलावर बसले. मग माझ्या तोंडासमोर तोंड आणून, सावकाश: "मग ह्ये आदी न्हाई का सांगायचं? कान मला करता येत न्हाई. पण फोनला डोळा लावता येतोय."

१७ जाने., बुध.

फोनच्या तारेतून दोन बारीक वायरी काढल्या, मामांनी स्वतःच्या डबीत नेल्या आणि वर लाल बल्ब बसवला. वाजला की बल्ब लागतो. पाठ करून बसले तरी भिंत लाल होते.

आज एकही फोन हुकला नाही. एकही!

आई बघायला आली होती. तिला वाटलं देवीचा दिवा लावलाय. म्हणलं, आई, आपल्यात कुठली देवी आता? म्हणाली, "मग कुणाचा लावलायस?" माझा, म्हणलं.

२३ जाने., मंगळ.

लाईनमन खोत आला. लाईनीत खरखर येते म्हणून. डबी दिसली. कटर काढलं, वायरी तोडल्या, डबी माझ्या टेबलावर ठेवली, तीही नीट पुसून. माणूस वाईट नाही.

"बाई, खात्याच्या वायरीला भायरचं काय बी जोडायचं न्हाई. नियम हाय. दुसऱ्या कुणी बघितलं तर बूथ जाईल तुमचा."

"मग वाजलेलं मला कळायचं कसं?"

त्याला वाटलं मी चेष्टा करते. मी पुन्हा हसून मान हलवली. त्याला खरं सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

पुन्हा फोनवर हात.

३० जाने., मंगळ.

गडबडीचा दिवस. निरोप सहा. त्यातला एक पांडुतात्यांचा. स्टँडच्या कडेला ते शिलाई मशीन घेऊन बसतात. त्यांच्या साडूचा सांगलीहून फोन, तात्यांच्या लेकीला, शोभाला, नर्सिंगच्या मुलाखतीला बोलावलंय, सकाळी दहाला, आठ तारखेला. मी चिठ्ठी लिहून नेऊन दिली. तात्यांनी मशीन थांबवून चिठ्ठी दोनदा वाचली, मग टोपीत ठेवली. पेढे देतो म्हणाले.

८ फेब्रुवारी, गुरु.

मुलाखत काल होती.

सात तारखेला. साडू सात म्हणाला होता. मी आठ लिहिलं.

शोभा चारच्या गाडीनं परत आली. नवी साडी, हातात फाईल. सरळ बूथमध्ये. मागून तात्या. तात्या काय बोलत होते ते मला कळत नव्हतं. ओठ वाचता येतात मला, पण रागात ओठ वेडेवाकडे होतात. गिऱ्हाईकं केबिनमधून बघत होती. शोभानं फाईल उघडली. चिठ्ठी टेबलावर ठेवली. माझं अक्षर. आठ. तोही छान वळणदार काढलेला.

९ फेब्रु., शुक्र.

आईला पाठीमागं उभं केलं. म्हणलं, सात म्हण नाहीतर आठ म्हण, मी ओळखते. वीस वेळा. नऊ बरोबर. म्हणजे डोळे मिटून नाणं फेकावं तसंच.

'आ' ऐकू येतो. बाकी सगळं वारा.

आईला रडू आलं. मला आलं नाही. मला राग आला, आणि तो कुणाचा ते कळेना. साडूचा, तात्यांचा, इंजेक्शनचा. मग कळलं. माझाच. मला कमी ऐकू येतं हे त्या साडूला माहीत असतं तर तो ओरडून, दोनदा बोलला असता. मी त्याला "हां हां, समजलं" म्हणाले होते.

११ फेब्रु., रवि.

दादा जेवायला आला. तहसीलीत क्लार्क आहे, बोलणंही फायलीसारखं, एक मुद्दा, दोन मुद्दा. मुद्दा एक, बूथ तुझ्या नावावरच राहील. मुद्दा दोन, वहिनीचा भाऊ बसेल. तू घरी.

"म्हणजे नाव माझं आणि खुर्ची त्याची."

"शालन, ऐक. आपल्या वस्तीतल्या कुणाला स्टँडसमोर जागा मिळाली न्हवती आजवर. पहिली तू. लोक टपून बसल्यात कवा चुकतीय म्हणून. घालवू नको."

हे खरं आहे. म्हणूनच जास्त लागलं. दादाला माझी लाज वाटत नाही, लोकांची भीती वाटते. पण भीतीनं माझी खुर्ची का काढायची?

"मी उठणार न्हाई," म्हणलं. भाताचं ताट तसंच ठेवून तो गेला. आईनं ते कुत्र्याला घातलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

१२ फेब्रु., सोम.

सकाळी बूथ उघडायच्या आधी द.मामांकडं. शोभाचं सांगितलं. ते गावभर झालंच होतं.

"मला आवाज मोठा करून द्या."

"वायरीला हात लावला तर खोत पुन्ना तोडंल."

"मग वायरीला हात न लावता."

मामांनी चष्मा वर केला. रेडिओची पाठ उघडीच ठेवली. मग म्हणाले, "फौजेत एक चकती असायची. फोनला नुसती चिकटवायची. आतला आवाज भायनंच उचलते. तारेचं वेटोळं असतंय, बाकी काय न्हाई. वायर न तोडता, न जोडता."

मला अर्धं समजलं. अर्ध्यावरच म्हणलं, करा.

१९ फेब्रु., सोम.

झालं!!

साबणाची प्लास्टिकची डबी. आत जुन्या टेपमधला आवाज वाढवणारा भाग, दोन सेल, आवाजाचं बटण. एका बाजूनं वायर, तिच्या टोकाला रबरी टोपी, टोपीत वेटोळं. टोपी रिसीव्हरच्या पाठीला दाबली की चिकटते. दुसऱ्या बाजूनं वॉकमनचा हेडफोन.

मामा त्यांच्या शेजारच्या दुकानातून फोन करणार होते. मी डा.का. वर हेडफोन चढवला. आधी ट्यूबलाईटची घूंऽऽ. ट्यूब बंद केली, साधा बल्ब लावला, घूं गेली.

मग मामा. मामांचं खोकणं. मामांच्या मागं कुणीतरी भांडी टाकलेली. मामांचा श्वास. फोनमध्ये माणसाचा श्वास ऐकू येतो हे मी विसरलेच होते.

"सात," मामा म्हणाले.

'स' आला. बारीक, शिट्टीसारखा. पण आला.

२० फेब्रु., मंगळ.

शंभर शब्दांतले पंच्याण्णव येतात. पाच येत नाहीत. ते पाचच माणसाला बुडवतात.

मामांनी फौजेतली रीत शिकवली. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, समोरच्यानं "बरोबर" म्हणेपर्यंत लिहायचं नाही. मी त्यात माझी भर घातली. आकडा असला की एकपासून मोजत जायचं. एक, दोन, तीन… सात. समोरचा सातला "बास" म्हणतो. लोकांना हसू येतं. येऊ दे.

घंटीसाठी गणपतीच्या मंडळाच्या दिव्यांचं सर्किट लावलंय, वर तोच लाल बल्ब. गाण्यावर दिवे नाचतात ना, ते. आवाज झाला की लागतात. फोनच्या शेजारी नुसतं ठेवायचं. वायर कशालाच नाही. फक्त तासगावच्या गाडीनं हॉर्न दिला की तेही लागतं. मी दोनदा हॉर्नला "हॅलो" म्हणाले.

२१ फेब्रु., बुध.

पाटी लिहिली. बालवाडीचं अक्षर, मोठं, गोल.

"मला कमी ऐकू येतं. निरोप सावकाश आणि दोनदा सांगा. मी परत म्हणून दाखवीन."

दाराला लावली. दुपारी दादा आला, वाचली, काढली, घडी करून खिशात घातली.

२२ फेब्रु., गुरु.

दुसरी लिहिली. पुठ्ठ्यावर. खिळ्यानं ठोकली, चार कोपऱ्यांना चार.

२६ फेब्रु., सोम.

काही गिऱ्हाईकं पलीकडच्या बूथवर गेली. मोजली नाहीत.

नवीनही आली. ढालगावची एक म्हातारी, लेक मुंबईला. म्हणाली, "तुझ्याकडंच यायचं म्हणते बाई. दुसरीकडं पोरं नुसतं व्हय व्हय करत्यात. तू परत म्हणून दावतीस." तिनं मला हेडफोन मागितला. तिलाही कमी येतं. कानाला लावला, लेकाशी बोलली, मग बाहेर येऊन माझ्याकडं बघत बसली. "आवाज बारीक झालाय त्याचा," म्हणाली. "जेवत न्हाई जनू."

हेडफोन परत द्यायला तयार नव्हती.

५ मार्च, मंगळ.

नोटीस. खोतनंच आणून दिली, खालमानेनं.

तक्रार आली आहे. एक, चालक बाई बहिरी असून चुकीचे निरोप देते, त्यामुळे एका मुलीचे नुकसान झाले. दोन, बूथच्या टेलिफोनला अनधिकृत उपकरण जोडले आहे. समक्ष खुलासा, सांगली ऑफिस, २८ मार्च.

पहिला अर्ज पांडुतात्यांचा. दुसऱ्यावर सही नाही.

खोतला म्हणलं, बघ, कुठं जोडलंय दाखव. त्यानं टोपी ओढली, टप्प आवाज करून निघाली. पुन्हा लावली, चिकटली. पुन्हा ओढली. लहान मुलासारखा चार-पाचदा केला. "ह्ये जोडलेलं न्हाई खरं," म्हणाला. "ह्ये चिकटवलंय." मग घाईनं: "मी काय लिहून देणार न्हाई हां बाई."

१० मार्च, रवि.

शोभाच्या घरी गेले. कुणाला सांगितलं नाही, दादाला नाही, आईला नाही.

तात्या घरी नव्हते. शोभा दारात गहू निवडत होती. बस म्हणाली नाही. मी बसले.

"शोभा, माझी चूक झाली."

"म्हाईत हाय."

"अर्ज मागं घ्या म्हणायला आले न्हाई मी."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं तोंड करून, मला कळेल असं, एकेक शब्द:

"तुमाला ऐकू येत न्हाई ह्ये तुमी आदी का न्हाई सांगितलं? सांगितलं असतं तर बाबांनी परत फोन करून इचारलं असतं. एवढंच पाहिजे हुतं."

म्हणलं, लाज वाटत होती.

"तुमची लाज आन् माझं वरीस."

पाणी दिलं तिनं. पिऊन आले. वाटेत रडले, मग थांबले. ती बरोबर आहे. पण ती बरोबर आहे म्हणून मी बूथ सोडायचा, हे बरोबर नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि मला दोन्ही घेऊन सांगलीला जायचंय.

१५ मार्च, शुक्र.

शोभाची मुलाखत पुढच्या वर्षी पुन्हा होते का ते विचारायला त्या नर्सिंगच्या शाळेला फोन लावला. तीन दिवस लावतेय. आज लागला. "जूनमध्ये अर्ज निघतील," बाई म्हणाल्या. परत म्हणून दाखवलं. "जून. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहावा महिना." त्या हसल्या, बास म्हणाल्या.

चिठ्ठी लिहून तात्यांच्या मशीनवर ठेवली. त्यांनी मान वर केली नाही. चिठ्ठी मात्र टाकली नाही.

२१ मार्च, गुरु.

दादा: "सांगलीला मी येतो. बोलायचं मी. तू नुसती बस."

"मग तू चुकीचा निरोप दिलास व्हय?"

येत नाही म्हणाला मग.

२८ मार्च, गुरु. सांगलीहून परत, गाडीतच लिहितेय, अक्षर हलतंय

द.मामा सोबत होते, धुतलेला सदरा, फौजेचा बिल्ला खिशात. डबी माझ्या मांडीवर कापडी पिशवीत. तासाभराच्या प्रवासात मामांनी तीनदा विचारलं, सेल घेतलेस न्हवं?

ऑफिसात आधी क्लार्क. नाव विचारलं. सांगितलं. त्यानं लिहिलं. उलटं वाचता येतं मला, मालन लिहिलं होतं. म्हणलं, शालन. खोडून पुन्हा मालन. तिसऱ्यांदा जमलं.

साहेब वयस्कर, शांत. फाईल वाचली. "बाई, तुम्हाला बूथ दिलाय तो लोकांनी फोन करावा म्हणून. निरोप घेणं तुमच्या कामात बसतच नाही. निरोप बंद करा, हे यंत्र काढा, अर्ज निकाली काढतो."

सोपं होतं. हो म्हणून घरी येता आलं असतं. मामांनीसुद्धा माझ्याकडं बघितलं.

"साहेब, आमच्याकडं पन्नास घरांत मिळून एक फोन न्हाई. बाहेर फोन करायला माणूस महिन्यातनं एकदा येतो. त्याला येणारा फोन कुठं येणार? माझ्याकडंच येतो. निरोप बंद केले तर मी निम्मा बूथ बंद केला."

"पण ऐकू—"

"ऐकू येतंय का ते बघा. हितंच."

साहेबांनी विचार केला. मग मला शेजारच्या खोलीत पाठवलं, तिथल्या फोनला मी टोपी चिकटवली. ते त्यांच्या टेबलावरून बोलणार, दहा निरोप, आकड्यांसकट. मी लिहायचं.

पहिल्यांदा म्हणाले, परत न विचारता. दहातले आठ बरोबर.

"आता माझ्या रीतीनं," मी म्हणलं.

दहा. दहाच्या दहा. शेवटचा "मोटार नं. सदुसष्ट, ताकारी फाटा, साडेसहा." मी सदुसष्टपर्यंत मोजणार की काय म्हणून साहेबांनीच "सहा आणि सात" असं फोडून सांगितलं.

परत आले तर साहेब म्हणाले, "बरोबर आहे. पण तुम्हाला परत विचारायला लागतं."

"तुमच्या क्लार्कला चांगलं ऐकू येतंय," म्हणलं, "त्यांनी माझं नाव दोनदा चुकीचं लिहिलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं तवा बरोबर झालं. मी परत विचारते ते चुकू न्हाई म्हणून. ते विचारत न्हाईत."

मामा खोकले. क्लार्क खिडकीबाहेर बघायला लागला. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. टोपी हातात घेतली, उलटसुलट केली, मामांना विचारलं, कुणी केलं? मामा ताडकन उभे राहिले, जवळजवळ सॅल्यूटच.

"जोडलेलं नाही म्हणता?"

"चिकटवलंय साहेब," मी म्हणलं.

"नियमात चिकटवणं कुठं लिहिलेलं नाही. वर विचारावं लागेल. पत्रानं कळवू."

शोभाचं मी स्वतः सांगितलं. ती चूक माझी, यंत्र नव्हतं तेव्हाची, आणि मी लपवत होते तेव्हाची. ते त्यांनी लिहून घेतलं. लिहून घेऊ दे. खोटं सांगून बूथ टिकवायचा नव्हता.

बाहेर येऊन मामांनी भडंग घेतलं. दोघांनी रस्त्यावरच खाल्लं. भूक केवढी लागलेली.

१ एप्रिल, सोम.

द.मामांकडं आज दोन माणसं येऊन गेली म्हणे. असली डबी आम्हालाही करून द्या. एक ती ढालगावची म्हातारी. तिच्याकडं फोन नाही. "फोन येईल तवा येईल, डबी आता द्या," म्हणाली.

१४ एप्रिल, रवि., जयंती

सकाळी आईसोबत विहारात. पांढरी साडी. दुपारनंतर मिरवणूक, भोंगे, आणि माझा लाल दिवा संध्याकाळपर्यंत विझलाच नाही. फोन कुठला, भोंगा कुठला कळेना. शेवटी पुन्हा फोनवर हात ठेवून बसले. एकाला दुसऱ्याची मदत.

वस्तीतल्या बायका बूथवर आल्या. डबी सगळ्यांनी कानाला लावून बघितली. आई त्यांना सांगत होती, "ह्ये चिकटवलंय, जोडलेलं न्हाई. सायेबांनी बी बघितलंय." आवाज चढवून, आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा. तीच आई जी माझ्याशी दिवसभर बोलली नव्हती.

दादा लांब उभा होता. मिरवणुकीत नव्हता, आमच्यातही नव्हता. मग आला, पाटी वाचली. एक खिळा निघाला होता, दगडानं ठोकून बसवला. आणि गेला.

२३ एप्रिल, मंगळ.

पत्र नाही. खोतला विचारलं. त्यालाही माहीत नाही. निरोप आज नऊ, सगळे बरोबर.

तात्यांचं मशीन बिघडलं, आज बसले नाहीत. काळजी वाटली, आणि वाटली म्हणून आश्चर्यही.

२ मे, गुरु.

पत्र.

विषय विचाराधीन आहे. अंतिम निर्णय होईपर्यंत सदर उपकरण वापरू नये. निरोप घेण्याचे थांबवावे. वरील सूचनांचे पालन केल्याचे लेखी कळवावे. अन्यथा.

'अन्यथा' नंतर आणखी दोन ओळी होत्या. त्या एकदाच वाचल्या.

मामा म्हणाले, काय करायचं? म्हणलं, उद्या बाजार आहे, सेल जास्तीचे द्या.

३ मे, शुक्र.

दिवसभर डबी लावून बसले. निरोप अकरा.

खोत आला, बघितली, न बघितल्यासारखं केलं. पाणी पिऊन गेला.

४ मे, शनि.

उत्तर द्यायचंय. दादाकडं गेले. अर्ज लिहावा तर त्यानंच, तालुक्यात तसा कुणी नाही. त्यानं कागद काढला, कार्बन घातला, लिहून झाल्यावर माझ्यासमोर सरकवला.

"…तरी मे. साहेबांनी कृपावंत होऊन अर्जदार अपंग अबला स्त्रीच्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून, उपकरण वापरण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."

वाचलं. पेन घेतलं. 'कृपावंत होऊन' खोडलं. 'अबला' खोडलं, दोन रेघांनी. 'अपंग' ठेवलं, ते खरं आहे. 'परवानगी मिळावी' खोडून लिहिलं, 'उपकरण वापरत आहे व निर्णय येईपर्यंत वापरणार आहे. त्याशिवाय निरोप चुकतील व लोकांचे नुकसान होईल. एकदा झाले आहे.' 'नम्र विनंती'च्या जागी 'कळावे'.

दादा बघतच राहिला. "सायबाला असं लिहीत न्हाईत, शालन."

"मी लिहिते."

"बूथ जाईल."

"जाईल. मग जाईल."

त्यानं कार्बन सरळ केला. मग दुसरा कोरा कागद घेतला आणि खोडलेलं सोडून सगळं पुन्हा सुवाच्य उतरवून काढलं, माझ्या शब्दांसकट. एकही शब्द बदलला नाही. फक्त 'कळावे'च्या आधी त्याला राहवेना, म्हणाला, "निदान 'आपली विश्वासू' तर लिहू?"

"लिही. विश्वासू हाय मी."

सही केली. पाकीट चिकटवलं. रजिस्टर करायला तो सायकलवरून निघाला, दारातच थांबला, वळून माझ्याकडं तोंड करून म्हणाला, मला दिसेल असं:

"साहेब चिडले तर?"

"फोन करतील," म्हणलं. "नंबर हाय त्यांच्याकडं."